भाच्याचा बास्केटबॉल चालू ठेवायचा की बंद करायचा?

विचारणारे गृहस्थ भुसावळकडचे, मुलाचे मामा आहेत. भाचा साडेपंधरा वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच. नववीत शाळा सुटली. दोनदा मारामारी झाली. दिवाळीआधी चार पोरांबरोबर मोबाइल चोरीत नाव आलं आणि ते प्रकरण आता बाल न्याय मंडळापुढे आहे. वडिलांनी रागाच्या भरात त्याचे बूट कपाटात कुलूप लावून ठेवले, ग्राउंडवर जाणं बंद केलं. पोराचा हात मात्र चेंडूवर चांगला बसलेला आहे आणि दिवसभर तो फोनवर ॲलन आयव्हर्सन नि कॅरॉन बटलर या अमेरिकन बास्केटबॉलपटूंच्या कहाण्या बघतो. मामांचे प्रश्न तीन: खेळाने हा सुधारेल का, त्याला पुण्याला ॲकॅडमीत टाकावं का, आणि चूक केली की खेळ बंद करावा का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचं सगळं त्याच्यावर उभं आहे. चूक झाली तर सामना काढून घ्या, सराव काढून घेऊ नका. सामना म्हणजे मान: जर्सी, टाळ्या, गाव बघतंय. सराव म्हणजे संध्याकाळचे दोन तास, ज्यात तो कुठे आहे हे एका मोठ्या माणसाला माहीत असतं. मान काढला तर त्याला लागतं आणि तो विचार करतो. ते दोन तास काढले तर तो ज्या चार पोरांबरोबर पकडला गेला त्यांच्याकडेच जाऊन बसतो. बूट कपाटात गेल्यापासून तो संध्याकाळी कुठे असतो, हे एकदा वडिलांना विचारून बघा.

आता ज्या कहाण्या तो बघतो त्यांच्याबद्दल. त्या खऱ्या आहेत, पण फोनवर त्यातला कंटाळवाणा भाग कापलेला असतो, आणि कामाचा भाग नेमका तोच.

आयव्हर्सन व्हर्जिनियातल्या हॅम्प्टनचा. १४ फेब्रुवारी १९९३ ला तिथल्या एका बोलिंग ॲलीत मोठी मारामारी झाली. तो तेव्हा १७ वर्षांचा होता, पण खटला प्रौढ म्हणून चालला. शिक्षा १५ वर्षांची, त्यातली १० स्थगित. चार महिने आत काढल्यावर डिसेंबर १९९३ मध्ये गव्हर्नर डग्लस वाइल्डर यांनी त्याला सोडलं, आणि १९९५ मध्ये पुरावा अपुरा म्हणून अपील कोर्टाने दोषसिद्धीच रद्द केली. हायस्कूलचा शेवटचा हंगाम तो खेळलाच नाही, शिकवणी लावून शाळा तेवढी पुरी केली. मग त्याची आई जॉर्जटाउन विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन थॉम्पसन यांच्याकडे गेली आणि मुलाला संघात घ्या म्हणाली. थॉम्पसन शिस्तीचे कडक म्हणून प्रसिद्ध होते. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक लीग; तिच्या १९९६ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात, आयव्हर्सन पहिला निवडला गेला, २००१ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. भाच्याला हे जरूर सांगा: एक हंगाम सामने हुकल्याने आयव्हर्सनचं दार बंद झालं नाही. उरलेलं काम शाळेच्या कागदाने आणि एका कडक माणसाने केलं.

कॅरॉन बटलर विस्कॉन्सिनमधल्या रेसीनचा. अकराव्या वर्षी अंमली पदार्थ विकायला लागला, पंधरावं पुरं होण्याआधी पंधरा वेळा अटक झाली. बालसुधारगृहात असताना खेळ मनावर घेतला. बाहेर आल्यावर मात्र लगेच झगमगाट नव्हता. त्याने बर्गरच्या दुकानात नोकरी केली, मग मेन राज्यातल्या एका निवासी शाळेत जाऊन अभ्यास भरून काढला, मग कनेक्टिकट विद्यापीठ, आणि २००२ मध्ये मायामी संघाने त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं. फोनवर अटकेनंतर थेट ड्राफ्टची टोपी दिसते. मधली वर्षं कोणी दाखवत नाही.

तिसरं नाव भाच्याने घेतलेलं नाही, पण तुमच्या घरासाठी सगळ्यात उपयोगी तेच आहे: जिमी बटलर. टेक्ससमधल्या टॉमबॉलचा. तेराव्या वर्षी आईने घराबाहेर काढलं, मग कधी या मित्राकडे तर कधी त्या मित्राकडे. शेवटी एका मित्राच्या आईने त्याला ठेवून घेतलं, पण अटी घालून. ठरल्या वेळी घरी यायचं, घरातली कामं करायची, अभ्यास करायचा. पुढे ज्युनियर कॉलेज, मग मार्केट (Marquette) विद्यापीठ, आणि २०११ च्या ड्राफ्टमध्ये तिसावा क्रमांक, म्हणजे पहिल्या फेरीतला अगदी शेवटचा. मामा, त्या आईची जागा इथे तुम्ही घेऊ शकता. वडील आत्ता रागात आहेत, त्यांना थोडा वेळ लागेल.

खेळाच्या आधी कायद्याचं बघून घ्या, नाहीतर बाकीची मेहनत तारखांमध्ये वाया जाते. बाल न्याय अधिनियम २०१५ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात, आरोपी नाही. त्याला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. पुढचं बोलणं त्याच्याशीच करा, ओळखीच्या हवालदाराशी नको. साधी चोरी, जिची शिक्षा तीन वर्षांपर्यंत आहे, ती कायद्याच्या भाषेत किरकोळ अपराधात मोडते आणि अशा चौकशीला चार महिन्यांची मुदत आहे. त्या चार पोरांत कोणी १८ च्या वरचा असेल तर ते मंडळाला आणि वकिलाला नक्की सांगा, त्याने कागद बदलतात: प्रौढाबरोबरच्या प्रकरणात प्रथम खबर (एफआयआर) नोंदली जाते, एरवी किरकोळ गोष्टीत स्टेशन डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल एवढंच होतं.

मंडळ समज देऊन घरी सोडू शकतं, समाजसेवा लावू शकतं, किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तीन वर्षांपर्यंत परिवीक्षेवर, म्हणजे देखरेखीखाली मोकळं, ठेवू शकतं. शाळेत जाण्याचा, व्यसनमुक्तीला जाण्याचा, ठरावीक जागी न फिरकण्याचा आदेशही देऊ शकतं. तुमचं खरं काम इथे आहे. परिवीक्षा अधिकारी घरची चौकशी करून अहवाल लिहितात. त्यांच्या हातात एक कागद द्या: सरावाचे दिवस, वेळ, मैदान, जबाबदार प्रशिक्षकाचं नाव आणि फोन, शाळेत परत प्रवेशाची तारीख, आणि सराव संपल्यावर मुलगा कोणाच्या घरी असेल ते. 'खेळाडू आहे साहेब, सांभाळून घ्या' म्हणण्याने काही होत नाही. लिहिलेलं वेळापत्रक वजनदार असतं, कारण मंडळालाही कुठेतरी बोट ठेवून आदेश लिहायचा असतो.

आणखी दोन गोष्टी. कलम २४ प्रमाणे बालपणीच्या अपराधाची अपात्रता पुढे चिकटत नाही. अपवाद फक्त १६ वर्षांवरच्या आणि गंभीर गुन्ह्यात प्रौढ म्हणून खटला चाललेल्या मुलांचा. म्हणजे 'आता याला सरकारी नोकरी कधीच नाही' हे जे नातेवाईक ओट्यावर बसून सांगत आहेत, ते चूक आहे. दुसरं, कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख छापणं किंवा पसरवणं हाच गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो फिरत असेल तर ॲडमिनला हे कलम दाखवा, फोटो लगेच निघतो.

पुण्याच्या ॲकॅडमीचं उत्तर सध्या नाही. परिवीक्षा किंवा चौकशी चालू असताना जिल्हा सोडला तर देखरेख तुटते आणि तारखा चुकतात. शिवाय आत्ता तो आपल्या तालुक्यात सगळ्यात उंच आहे. तिथे पहिल्याच दिवशी सहाव्या-सातव्या क्रमांकाचा होईल. ज्या मुलाला अपमान झाला की हात उचलायची सवय आहे, त्याला होस्टेलवर, सीनियरांच्या खोलीत, ओळखीचं कोणी नसताना टाकायचं, यात पुढचं प्रकरण ठरलेलं आहे. सहा महिने सलग हजेरी, मंडळातलं प्रकरण मिटलेलं, शाळेत नाव, एवढं जमलं की मग चाचणीला न्या.

तर मग इथेच काय करायचं? आधी मैदान बघा. खानदेशात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. सिमेंटचं कोर्ट सूर्य मावळल्यावरही तासभर धग सोडत राहतं. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत सकाळी पावणेसहा ते साडेसात आणि संध्याकाळी पावणेसातनंतर, असेच दोन तुकडे धरा. पण अशा मुलाच्या बाबतीत सकाळचा सराव पुरेसा नाही. बिघडण्याची वेळ संध्याकाळची असते, म्हणून दिव्याची सोय आधी. अमेरिकेत १९८६ मध्ये मेरीलँडमधल्या ग्लेनार्डन इथे जी. व्हॅन स्टँडिफर यांनी रात्री दहा ते दोन बास्केटबॉल सुरू केला, त्यामागे हाच हिशेब होता: पोरं ज्या वेळी गुन्ह्यात सापडतात, त्याच वेळी कोर्ट उघडं ठेवायचं. आपल्याकडे रात्री दहाची गरज नाही, साडेसहा ते साडेआठ पुरे.

जवळ कोर्टच नसेल तर शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या जागेवर अर्धं कोर्ट पुरतं: १५ मीटर रुंद, १४ मीटर लांब. इथे एक चूक गावोगाव दिसते. काळ्या कपाशीच्या जमिनीवर थेट खडी-सिमेंट ओततात. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात कोर्टात बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. काळी माती निदान दीड-दोन फूट काढून टाका, त्या जागी मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून, रोलर फिरवून दाबा, वर दगडी सोलिंग, त्यावर चार इंच काँक्रीट. दर तीन मीटरवर सांधा कापा, म्हणजे तडा जायचाच असेल तर त्या रेघेतून जाईल. पाणी निघायला शंभरात एक उतार बाजूच्या रेषेकडे द्या, रिंगकडे नको. घोटून गुळगुळीत करू नका. ओलं असताना झाडू मारून खरखरीत ठेवा, नाहीतर श्रावणात पोरं घसरून मनगटं मोडतात. निदान दोन आठवडे पाणी मारा.

रिंग जमिनीपासून ३.०५ मीटर, मोजमाप रिंगच्या वरच्या कडेला. जुन्या कोर्टावर नवा थर टाकला की खांब तोच राहतो आणि रिंग दोन-तीन इंचांनी बुटकी होते. तिथे वाढलेल्या मुलाचे शॉट जिल्ह्याला गेल्यावर पुढच्या कडेला आपटून बाहेर येतात, आणि सगळे म्हणतात पोरगा दडपणाखाली खेळला. टेप लावून बघायला एक मिनिट लागतं. फ्री थ्रोची, म्हणजे फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटची, रेषा बोर्डाच्या पुढच्या पृष्ठभागापासून ४.६० मीटर. खांबाला सहा-सात फूट उंचीपर्यंत जुनी गादी दोरीने घट्ट बांधा. चेंडू सात नंबरचा, आणि सिमेंटवर रबरीच घ्या. चामडी चेंडू इथे एका हंगामात सोलवटतो. हवा ७ ते ९ पीएसआय. सकाळी ठासून भरलेला चेंडू आपल्या उन्हात दुपारी दगड होतो, म्हणून मे महिन्यात सातच्या आसपास ठेवा. पंपाची सुई ओली करून घाला, कोरडी घातली की वॉल्व्ह फाटतो.

सरावाचा दीड तास असा बसवा. दहा मिनिटं दोरीच्या उड्या, घोटे आणि कंबर मोकळी करणं. वीस मिनिटं ड्रिबल, त्यात कच्च्या हाताला दुप्पट वेळ. वीस मिनिटं शूटिंग: रिंगपासून दीड मीटरवर एका हाताने २५ शॉट पडेपर्यंत, मग रिंगखाली डाव्या-उजव्या हाताने आलटून पालटून अर्धा मिनिट, असं चार वेळा. पंधरा मिनिटं बचावाचं सरकणं, वाकलेल्या गुडघ्यांवर. मग वीस मिनिटं तीन विरुद्ध तीन. शेवटची पाच मिनिटं कोर्ट झाडणं आणि वहीत आकडे लिहिणं: किती मारले, किती पडले. वही त्याच्याच हातात द्या. फ्री थ्रो वेगळे काढून मारू नका; प्रत्येक धावण्याच्या तुकड्यानंतर, छाती धपापत असताना दोन-दोन मारायला लावा. सामन्यात ते तसेच मारावे लागतात, आणि रागात श्वास कसा आवरायचा हेही मुलगा तिथेच शिकतो. त्याला ते शिकवलंय हे कळतसुद्धा नाही.

उंच मुलाला रिंगखाली उभं करून ठेवण्याचा मोह आपल्या प्रशिक्षकांना फार. सहा फूट एक इंच म्हणजे तालुक्यात सेंटर, पण राज्याला गेल्यावर तीच उंची गार्डची, म्हणजे चेंडू वर आणणाऱ्याची. आयव्हर्सनची नोंदलेली उंची सहा फूटच होती. तेव्हा त्याला आत्तापासून चेंडू घेऊन वर आणायला लावा, डाव्या हाताने पास द्यायला लावा. सुरुवातीला संघ दोन सामने हरेल. हरू द्या.

आता रागाचं काम. आठवड्यातून दोनदा चार मिनिटांचा 'शिट्टीविना खेळ' ठेवा. ढकललं, ओढलं, तरी फाउल नाही. नियम एकच: धक्का लागल्यावर मागे न बघता बचावाच्या जागेवर धावायचं. ज्याने वळून हात उचलला किंवा शिवी दिली तो बाहेर येतो आणि पुढचा डाव गुणफलक लिहितो. त्याच्याऐवजी अख्ख्या संघाला शिक्षा देऊ नका, कारण मग बाकीची पोरं त्याला मैदानामागे गाठतात आणि आणखी एक मारामारी होते. 'दहा राउंड मार' हीही शिक्षा देऊ नका. धावणं ही शिक्षा झाली की मुलगा आयुष्यभर धावायला कुरकुर करतो, आणि या खेळात धावण्याशिवाय आहे काय?

त्याला खेळाचे नियमही पाठ करून द्या. पाच फाउल झाले की बाहेर. टेक्निकल फाउल, म्हणजे पंचाशी वाद घालण्यासारखी बेशिस्त, झाला की समोरच्याला एक फ्री थ्रो. दोन टेक्निकल, किंवा दोन अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारे आडदांड फाउल), किंवा एक-एक, की सामन्यातून हकालपट्टी. मैदानात भांडण पेटलं आणि बाकावरचा खेळाडू उठून आत गेला तर तोही बाहेर, मग तो सोडवायला गेला असला तरी. ही शेवटची गोष्ट आपल्या मुलांना माहीतच नसते. दोस्तासाठी धावून जाणं त्यांना धर्म वाटतो. गुणपत्रक लिहायला शिकवा. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी बारा ते पाच ही वेळ रिकामी असते, तेव्हा लहान मुलांच्या सामन्यांची पत्रकं त्याच्याकडून पुरी करून घ्या. फाउलचा हिशेब ठेवणारा मुलगा पंचाशी कमी भांडतो.

मग चुकीचा हिशेब. तो हंगामाच्या सुरुवातीला कागदावर लिहा, त्याची सही घ्या, आणि संघातल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूलाही तोच लावा. दहा मिनिटं उशीर, तर पहिला डाव गुणफलकावर. न सांगता गैरहजर, तर पुढच्या सामन्याचा पहिला अर्धा भाग बाकावर. शिवी किंवा हात उचलला, तर एक सामना नाही. पण त्याने साध्या कपड्यात संघाबरोबर यायचं, पाण्याच्या बाटल्या भरायच्या. चोरी किंवा नशा केली, तर तीन आठवडे सामने बंद, घरच्यांबरोबर बैठक, आणि सराव चालूच. हत्यार आणलं किंवा लहान मुलाला मारलं, तर इतरांबरोबर सराव नाही. त्यांची सुरक्षितता आधी. तेव्हाही त्याच्या एकट्याचा सकाळचा पाऊण तास ठेवा, एका मोठ्या माणसाच्या नजरेखाली. प्रत्येक शिक्षेला संपण्याची तारीख असली पाहिजे. 'बघू पुढे' हे उत्तर दिलं की मुलगा ते 'संपलं' असं ऐकतो आणि दुसऱ्या दिवशीपासून येत नाही.

तो आला नाही तर त्याच संध्याकाळी कोणीतरी त्याच्या घरी जायचं. फोन पुरत नाही. दारात उभं राहून 'कोठे जाई राह्यना भो?' एवढंच विचारायचं, भाषण नाही.

हे कुठे फसतं ते सांगतो. पहिले सहा-आठ आठवडे मुलगा इतका चांगला वागतो की घरचे पेढे वाटायला निघतात. मग दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात तो एकदा जोरात घसरतो. तो परीक्षा घेत असतो: हे लोक मला टाकतात का? बहुतेक प्रयत्न इथे मोडतात, कारण सगळे म्हणतात, 'एवढं केलं, तरी हा असाच.' लिहिलेला कागद त्या दिवसासाठी असतो. कागदावर आहे तेवढी शिक्षा द्या, उरलेला राग घरी ठेवा.

दुसरं, पैसा. रावेर-सावद्याकडे केळीच्या गाड्या भरायला, कपाशीच्या दिवसांत वेचणीला अशा वयाच्या मुलाची मजुरी घरात लागते. मुलगा सरावाला आला म्हणून घरचे दोनशे-तीनशे रुपये बुडाले, तर आई-वडिलांचा विरोध खेळाला नसतो, बुडालेल्या रुपयांना असतो. हे आधी मोकळेपणाने बोला. कपाशीच्या हंगामात आठवड्याचे तीन दिवस सराव करा, पाच नको. ठरलेले तीन दिवस चुकू नयेत एवढंच बघा.

तिसरं, 'भाऊ' लोक. उंच, दणकट, थोडा बदनाम मुलगा म्हणजे मिरवणुकीत पुढे उभा करायला, उधारी वसुलीला न्यायला आयता. हे लोक बूट देतात, जर्सी छापून देतात, मग कधीतरी रात्री फोन येतो. बूट घ्यायचे तर संस्थेच्या नावाने आणि सगळ्या संघासाठी घ्या, एका मुलाला कोणाचं देणं लागू देऊ नका.

चौथं, जन्मतारीख. सोळा वर्षांखालच्या गटात खेळता यावं म्हणून दाखला बदलणारे दलाल भेटतील. तुमच्या बाबतीत हे दुप्पट धोक्याचं आहे. बाल न्याय मंडळ वय ठरवताना आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर जन्माचा दाखला आणि तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी बघतं. मैदानावर एक तारीख आणि मंडळापुढे दुसरी निघाली, तर खेळाची बंदी राहिली बाजूला, मंडळाचा तुमच्यावरचा विश्वासच जातो.

गुटखा, तंबाखूबद्दल नुसतं ओरडून उपयोग नाही. पुडी खाणारा मुलगा पाणी कमी पितो आणि आपल्या उन्हात आधी तोच कोसळतो, हे त्याला सरावात दिसू द्या. एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, हे प्रत्येक सरावाला कॅनमध्ये तयार ठेवा. सरावानंतर दोन केळी आणि मूठभर शेंगदाणे. घरी कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, डाळ, जमलं तर अंडी. पावडरच्या डब्यांची गरज नाही. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या टोकाला दुखतं म्हणाला तर ते वाढीच्या वयातलं दुखणं असू शकतं. उड्या निम्म्या करा, फडक्यातून बर्फ पंधरा मिनिटं लावा, आणि दोन आठवड्यांत कमी झालं नाही तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. 'नाटकं करतो' म्हणून पळवू नका.

पुढची शिडी कशी आहे? शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालच्या गटांत होतात. तालुका, जिल्हा, मग नाशिक विभाग, मग राज्य. त्यासाठी शाळेच्या पटावर नियमित नाव हवं. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते, आणि ती द्यावीच, पण त्यावर शालेय संघात उभं राहता येत नाही. म्हणून आधी जुन्या किंवा शेजारच्या शाळेत नववीला परत प्रवेशाचा प्रयत्न करा. क्रीडाशिक्षकाला बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जा. संघटनेच्या स्पर्धांना शाळा लागत नाही. तिथे १६ आणि १८ वर्षांखालचे गट असतात. तीन विरुद्ध तीनच्या खुल्या स्पर्धाही शोधा: अर्धं कोर्ट, दहा मिनिटं किंवा २१ गुण, आणि शॉटला फक्त १२ सेकंद. गावच्या चार पोरांचा संघ त्यात लगेच उतरू शकतो.

एनबीएचं स्वप्न मोडू नका, पण त्याचा आकडा त्याला सांगा. ३० संघ, प्रत्येकी पूर्ण कराराचे १५ जण, म्हणजे सारं जग मिळून साडेचारशेच्या आसपास. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग सात फुटांहून उंच. २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर निवडलं, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, आणि तरी एनबीएचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. आपल्याकडे या खेळाने घर चालतं ते नोकरीतून: रेल्वे, पोलीस, सैन्यदलं, आणि राज्य शासनाच्या भरतीत खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण. भुसावळच्या मुलाला रेल्वेची नोकरी म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. त्या अर्जाला दहावी-बारावीचा कागद आणि स्पर्धेचं प्रमाणपत्र, दोन्ही लागतात, म्हणून प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्या आणि प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा. दोन वर्षांनी आयोजक सापडत नाहीत.

सुधारेल का, या पहिल्या प्रश्नाला नेमकं उत्तर देता येत नाही. सहा महिन्यांची हजेरीवही बघून सांगता येईल. तोवर एक काम आजच करा. वडिलांशी बोलून कपाट उघडा. बूट दिवाळीपासून आत आहेत आणि या वयात पाय थांबत नाही, तेव्हा आधी ते त्याच्या पायात होतात का बघा. संध्याकाळी, दिवसभर चालून पाय फुगलेला असताना, ज्या मोज्यात खेळतो तेच मोजे घालून, दोन्ही पायांत घालून उभं करा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी आणि टाच उचलली की बूट बरोबर उचलला पाहिजे. आखूड झाले असतील तर धाकट्या कोणाला द्या आणि नवे घ्यायला त्याच्याबरोबर वडिलांनाच पाठवा.